बिजागरीत तुटलेली तार: वायरलेस हेडफोनच्या अंतर्गत वायरिंगची घरगुती दुरुस्ती

दोन्ही कान झाकणाऱ्या ब्लूटूथ हेडफोनला आपण वायरलेस म्हणतो, ते फोनपासून हेडफोनपर्यंत तार नसते एवढ्याच अर्थाने. आत मात्र तारा असतातच. बहुतेक मॉडेलांत ब्लूटूथची चिप, चार्जिंगचे सॉकेट आणि बटणे यांचा मुख्य सर्किट बोर्ड एका कपात, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाटीत, असतो आणि जागेच्या सोयीसाठी बॅटरी दुसऱ्या कपात ठेवलेली असते. त्यामुळे डोक्यावरच्या पट्ट्यातून एका दिशेने दुसऱ्या स्पीकरचा आवाज जातो आणि उलट दिशेने बॅटरीची वीज येते. बाहेरचा गोंगाट कापणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगचे मॉडेल असेल, तर दुसऱ्या कपातील मायक्रोफोनच्या तारांचीही त्यात भर पडते. या साऱ्या तारा दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांतून आणि लांबी कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्यांतून जातात, आणि बहुतेक वेळा तुटतात त्याही तिथेच.

हेडफोन घडी करून पिशवीत टाकताना तार दर वेळी एकाच ठिकाणी वाकते. तांबे वारंवार वाकवले की ते कडक होत जाते आणि शेवटी तडकते; पण तार अनेक बारीक धाग्यांची असल्यामुळे सगळे धागे एकाच दिवशी तुटत नाहीत. आधी मान वळवली की खरखर ऐकू येते, मग पट्टा विशिष्ट कोनात धरला तरच एका बाजूला आवाज येतो, आणि काही दिवसांनी ती बाजू कायमची बंद पडते. वरचे आवरण लवचीक असल्यामुळे ते शाबूत राहते, म्हणून हेडफोन उघडला तरी तुटलेली जागा डोळ्यांना दिसत नाही.

घरी केलेली ही दुरुस्ती बहुधा टिकत नाही, आणि त्याचे कारण सोल्डरिंग कच्चे असणे हे क्वचितच असते. तार जिथे तुटली तिथेच, म्हणजे बिजागरीतच, तिला जोड दिला जातो. सोल्डर तारेच्या धाग्यांमध्ये शोषले जाते आणि तेवढा भाग ताठ होतो. मग पुढच्या काही आठवड्यांत त्या ताठ भागाच्या कडेला नवा ताण एकवटतो आणि तार पुन्हा तिथेच तुटते. म्हणून या लेखात सांगितलेली पद्धत एका नियमावर उभी आहे: जी जागा हलते तिथे जोड असता कामा नये. तुटलेली तार एका कपापासून दुसऱ्या कपापर्यंत सलग बदलावी आणि सर्व सांधे कपांच्या आत, न हलणाऱ्या जागी द्यावेत. यात तासभर जास्त जातो, पण ही मेहनत सार्थकी लागते.

हेडफोन उघडण्याआधी

दोष तारेचाच आहे याची खात्री आधी करून घ्यावी. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल बदलण्याची सोय असते. तो काटा नकळत एका टोकाला सरकला असेल तर एक बाजू मुकी वाटते. दुसऱ्या फोनला जोडून पाहावे. त्यानंतर दोन्ही बाजूंना सारखा असणारा एखादा भाषणाचा ऑडिओ लावावा, हेडफोन डोक्यावर न घालता हातात धरावा, आणि आधी डावी बिजागरी, मग डावी सरकपट्टी, मग उजवी बिजागरी, मग उजवी सरकपट्टी अशी एकेक जागा सावकाश हलवावी. ज्या जागेच्या हालचालीने आवाज येतो-जातो, दोष तिथे आहे. हे निरीक्षण कागदावर लिहून ठेवावे, कारण एकदा हेडफोन उघडला की सगळ्याच तारा हलतात आणि हा पुरावा पुसला जातो.

लक्षणांवरून कोणती तार गेली याचाही अंदाज येतो. मुख्य बोर्ड नसलेल्या बाजूचा फक्त आवाज गेला असेल, तर त्या स्पीकरच्या दोन तारांपैकी एक तुटलेली असते. पट्टा हलवल्यावर संपूर्ण हेडफोनच बंद पडत असेल किंवा चार्जिंग मधेच थांबत असेल, तर बॅटरीच्या तारेकडे पाहावे. नॉइज कॅन्सलिंग चालू केल्यावर एकाच कानात शिट्टी किंवा घरघर येत असेल, तर मायक्रोफोनच्या तारेवर संशय घ्यावा. मुख्य बोर्ड ज्या कपात आहे त्याच कपाचा स्पीकर बंद असेल, तर मात्र पट्ट्यातील तारेचा संबंध नाही. तिथे स्पीकरच्या टोकाचा सांधा सुटलेला असतो किंवा स्पीकर अथवा बोर्ड बिघडलेला असतो. चार्जिंगचे सॉकेट आणि आवाजाची बटणे ज्या बाजूला असतात, मुख्य बोर्ड बहुधा त्याच बाजूला सापडतो.

हेडफोनला ३.५ मिलिमीटरचे सॉकेट असेल, तर आणखी एक चाचणी करता येते. हेडफोन बंद ठेवून तारेने गाणे लावावे. बऱ्याच मॉडेलांत अशा वेळी आवाज ब्लूटूथच्या सर्किटला वळसा घालून थेट स्पीकरपर्यंत पोहोचतो. ब्लूटूथवर बंद असलेली बाजू तारेने व्यवस्थित वाजली, तर स्पीकर आणि पट्ट्यातील तार चांगल्या आहेत आणि दोष बोर्डवर आहे असे समजावे.

ही दुरुस्ती हाती न घेण्याचीही काही कारणे आहेत. वॉरंटी शिल्लक असेल तर हेडफोन उघडू नये. कानात बसणाऱ्या सुट्या बड्सना ही पद्धत लागू पडत नाही. कप उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला टोचणे, दाबणे किंवा खरवडून काढणे टाळावे आणि काम तिथेच थांबवावे; अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. बिजागरीतून गोल तारांऐवजी कागदासारखी चपटी केबल जात असेल, तर तिच्यातील तडकलेले तांब्याचे पट्टे सोल्डरने जोडण्याचा प्रयत्न करू नये. ती केबल बदलावी किंवा दोन्ही टोकांच्या बोर्डांवर जागा असल्यास तुटलेल्या पट्ट्याला समांतर अशी बारीक तार टाकावी. ते काम शक्य आहे, पण हात बसल्यावर करण्याचे आहे.

साहित्य

तापमान नियंत्रित करता येणारे आणि बारीक बिट (तापणारे टोक) असलेले सोल्डरिंग आयर्न सर्वांत महत्त्वाचे. साधे २५ वॅटचे आयर्नही चालते, पण तापमान ठरवता आले नाही तर बोर्डावरचे नाजूक पॅड, म्हणजे तार जोडण्याचे धातूचे ठिपके, उखडण्याची भीती वाढते. सोल्डर ६३/३७ प्रतीचे (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे), ०.५ ते ०.६ मिलिमीटर जाडीचे घ्यावे. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि आयर्न उचलल्यावर लगेच घट्ट होते, त्यामुळे हात किंचित हलला तरी ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जोडलेला दिसणारा पण कच्चा सांधा, होण्याची शक्यता कमी राहते. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि नवशिक्यासाठी कठीण जाते. सोल्डरमध्ये शिसे असल्याने काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. काम चालू असताना खिडकी उघडी ठेवावी. फ्लक्स, म्हणजे सोल्डर धातूला नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ, राळेवर आधारलेला, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा असावा. पत्र्याच्या कामासाठी मिळणारी आम्लयुक्त पेस्ट वापरू नये. ती मागे राहिली की तांबे खात राहते.

याशिवाय तार सलग असली की बीप वाजवणारा मल्टिमीटर, बारीक चिमटा, नेमके बसणारे लहान स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पात किंवा जुने प्लॅस्टिक कार्ड, एक आणि दीड मिलिमीटरच्या हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आक्रसून सांध्यावर घट्ट बसणाऱ्या नळ्या), उष्णता सहन करणारी पिवळी कॅप्टन टेप, सांधे पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वाळल्यावरही लवचीक राहणारा बी-७००० सारखा गोंद लागतो. फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद तारांजवळ वापरू नये. तो वाळून काचेसारखा कडक होतो, त्याच्या कडेला तार तुटते आणि त्याच्या वाफेचा पांढरा थर आजूबाजूला बसतो.

तार निवडताना घाई करू नये. बिजागरीतून जाणारी तार अनेक धाग्यांचीच हवी. बोर्डावरच्या दुरुस्तीसाठी मिळणारी ३० गेजची एकसंध तार बारीक आणि स्वस्त असली, तरी ती वाकवण्यासाठी बनलेली नसते आणि बिजागरीत लवकर तुटते. सिलिकॉनचे आवरण असलेली ३० गेजची तार उत्तम. तिच्यात साधारणपणे ०.०८ मिलिमीटरचे ११ धागे असतात आणि आवरणासह जाडी ०.८ मिलिमीटरच्या आसपास भरते. स्पीकर आणि मायक्रोफोन यांच्यासाठी ती पुरेशी आहे. बॅटरीसाठी मात्र २८ गेज घ्यावी; गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. ३० गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.३४ ओहम असतो. जाण्यायेण्याची मिळून ८० सेंटिमीटर तार धरली तर ०.२७ ओहम होतात, आणि ५०० मिलिअँपिअरने चार्जिंग होत असेल तर त्या तारेतच सुमारे ०.१४ व्होल्ट खर्ची पडतात. ४.२ व्होल्टला पूर्ण भरणाऱ्या बॅटरीच्या बाबतीत हा फरक चार्जिंग लांबवतो. २८ गेजमध्ये तो साधारण ०.०९ व्होल्टवर येतो. पण २८ गेजची सिलिकॉन तार १.२ मिलिमीटर जाड असते, तेव्हा बिजागरीतील वाट तेवढी मोकळी आहे का हे आधी पाहावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत अशा तारा मीटरवर मिळतात. दोन-तीन रंगांच्या घेतल्या तर पुढचे काम फार सोपे होते.

कप उघडताना

बॅटरी अर्ध्याहून बरीच कमी, साधारण २०-३० टक्क्यांवर असताना काम सुरू करावे. चुकून शॉर्ट झालेच तर भरलेल्या बॅटरीपेक्षा धोका कमी असतो. हेडफोन बंद करून कानाच्या गाद्या काढाव्यात. त्या कधी खाचेत फिरवून बसवलेल्या, कधी प्लॅस्टिकच्या आकड्यांवर दाबून बसवलेल्या, तर कधी चिकटवलेल्या असतात. चिकटवलेल्या गादीला हेअर ड्रायरची मंद ऊब द्यावी आणि पात कडेने सरकवत न्यावी. आतले स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून कागदावर कपाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. स्पीकरच्या चुंबकाला स्क्रू ओढला जातो आणि पातळ पडद्याला भोक पाडू शकतो, तेव्हा स्पीकर उताणा उघडा ठेवू नये.

स्पीकरची जाळी धरणारे झाकण उचलताना ते एकदम ओढू नये, कारण त्याला तारा जोडलेल्या असतात. झाकण उघडले की काहीही सोडवण्याआधी प्रत्येक बाजूने स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. लाल म्हणजे धन असा नियम कारखान्यात पाळला गेलेलाच असतो असे नाही. बोर्डावर छापलेली अक्षरे आणि आपले छायाचित्र हेच प्रमाण मानावे.

यानंतरचे पहिले काम म्हणजे बॅटरी सोडवणे. कनेक्टर असेल तर तो चिमट्याने सरळ वर उचलावा. तारा थेट सोल्डर केलेल्या असतील, तर एका वेळी एकच तार सोडवावी, तिच्या टोकावर लगेच कॅप्टन टेप गुंडाळावी आणि मगच दुसरीला हात लावावा. बॅटरीच्या दोन्ही तारा कात्रीच्या एकाच फटक्यात कधीही कापू नयेत. पात्याच्या धातूतून त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि लिथियम बॅटरी क्षणात तापते. बॅटरीची तार पट्ट्यात तुटलेली असली तरी बॅटरीकडचे टोक जिवंतच असते हे विसरू नये.

मीटरने तुटलेली तार शोधणे

तार दोन्ही टोकांना सोडवून मोजली तरच मोजमाप खरे ठरते, कारण बोर्डावरच्या इतर भागांतून मीटरला फसवी वाट मिळू शकते. आधी मीटरच्या दोन्ही टोकण्या (प्रोब) एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहून घ्यावा आणि पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करावा. मग स्पीकर तपासावा. हेडफोनचे बरेच स्पीकर ३२ ओहमचे असतात आणि मीटरवर त्याच्या आसपास, बहुधा किंचित कमी आकडा दिसतो. मोजताना बारीक टक असा आवाजही येतो. नेमक्या आकड्यापेक्षा डावा आणि उजवा स्पीकर जवळपास सारखे दाखवतात का हे पाहणे महत्त्वाचे. एका स्पीकरवर मीटर काहीच दाखवत नसेल, तर त्याची गुंडाळी तुटलेली आहे आणि पट्ट्यातील तार बदलून उपयोग नाही.

स्पीकर चांगला निघाला की पट्ट्यातील एकेक तार टोकापासून टोकापर्यंत मोजावी. बीप वाजला म्हणजे तार चांगली असे समजणे घाईचे ठरेल. एखादा धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो. म्हणून टोकण्या तारेला पकडीने लावून ठेवाव्यात, मीटर ओहमवर ठेवावा आणि बिजागरी पूर्ण उघडून, पूर्ण मिटवून, सरकपट्टी टोकापर्यंत ओढून आकडा पाहावा. चांगल्या तारेचा आकडा एक-दोन ओहमच्या आत स्थिर राहतो. जो आकडा हालचालीबरोबर नाचतो तो तुटत आलेल्या तारेचा. एक तार तुटली असेल तर तिच्याच शेजारून गेलेल्या बाकीच्या ताराही तितक्याच वेळा वाकलेल्या असतात, तेव्हा माझ्या मते त्या बाजूच्या सर्व तारा एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे आहे. आठ-दहा तारांचा जुडगा असेल आणि नव्या तारा वाटेत मावत नसतील, तेव्हाच फक्त तुटलेली बदलावी.

जुन्या तारा आणि त्यांचा लाखेचा थर

कपाच्या आतला काही भाग जुन्या तारेचाच ठेवायचा असेल, तर त्या तारेचे स्वरूप समजून घ्यावे लागते. हेडफोनमध्ये अनेकदा प्लॅस्टिकचे आवरण काढल्यावर आत लाल, हिरव्या, निळ्या किंवा तांबूस रंगाचे केसाएवढे धागे दिसतात. तो रंग म्हणजे प्रत्येक धाग्यावरचा विद्युतरोधक इनॅमलचा, म्हणजे लाखेचा, थर आहे. तो न काढता सोल्डर लावले, तर सोल्डर गोळा होऊन वर बसते, दिसायला जोड होतो, पण वीज जात नाही.

हा थर पात्याने खरवडू नये, धागे तुटतात. काडी किंवा लायटरने जाळूही नये, कारण त्याने तांबे काळे पडते, ठिसूळ होते आणि मग सोल्डर घेत नाही. आयर्न ३८० ते ४०० अंशांवर ठेवावे, बिटवर ताज्या सोल्डरचा मोठा थेंब घ्यावा, तारेच्या टोकाला फ्लक्स लावावा आणि तीनचार मिलिमीटर टोक त्या थेंबात बुडवून सावकाश मागेपुढे करावे. इनॅमल धूर सोडत वितळते आणि धागे चंदेरी होतात. तो धूर श्वासात घेऊ नये. लहानसा पंखा बाहेरच्या दिशेने लावावा. धाग्यांमध्ये पांढरा किंवा पिवळसर कापडी दोराही सापडतो. तो तारेला बळ देण्यासाठी असतो, सोल्डर घेत नाही. टोकापुरता कापून टाकावा. टोक चंदेरी झाल्यावर मीटरने खात्री करावी आणि आयर्न पुन्हा ३२० ते ३५० अंशांवर आणावे, कारण बोर्डाच्या पॅडला ४०० अंश सोसत नाहीत.

कोकणपट्टीवर किंवा व्यायामासाठी वापरलेल्या हेडफोनमध्ये आणखी एक अडचण येते. घाम आणि दमट खारी हवा आवरणाच्या टोकातून आत शिरते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. अशा तारेवर कितीही फ्लक्स लावला तरी सांधा पक्का होत नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापत जावे. कपाच्या आत कुठेच ते दिसले नाही, तर ती तारही पूर्ण बदलावी.

नवी तार पट्ट्यातून ओढणे

या सगळ्या कामातला सर्वांत संयमाचा भाग हा आहे. जुनी तार ओढून काढून मग नवी घालू पाहिली, तर बिजागरीतील वळणे पार करताना ती अडते. जुन्या तारेलाच वाटाड्या करावे. जुन्या तारेच्या एका टोकाला मजबूत, बारीक नायलॉनचा दोरा बांधावा, गाठीवर पातळ टेप घट्ट गुंडाळून तिला निमुळता आकार द्यावा, आणि दुसऱ्या टोकाने जुनी तार हळूहळू ओढावी. तिच्यामागून दोरा पट्ट्यातून बाहेर येतो. मग त्याच दोऱ्याला नव्या तारा थोड्याथोड्या अंतरावर मागेपुढे बांधाव्यात, म्हणजे सगळ्या गाठी एकाच जागी येऊन जाडी वाढत नाही. एका हाताने ओढावे आणि दुसऱ्या हाताने तार आत ढकलत राहावे. अडली तर जोर लावू नये. दोन पावले मागे घेऊन, बिजागरीचा कोन बदलून पुन्हा प्रयत्न करावा.

जुनी तार आतच तुटून दोन तुकडे झाले असतील किंवा ती गोंदाने चिकटवलेली असेल, तर पट्ट्याचे आवरण उघडण्यावाचून इलाज नसतो. ते शिवलेले, आकड्यांवर बसवलेले किंवा चिकटवलेले असते. शिवण असेल तर आतल्या, डोक्याकडच्या बाजूने उसवावी, म्हणजे नंतर हाताने घातलेले टाके दिसत नाहीत.

तारेची लांबी ठरवताना सरकपट्टी दोन्ही बाजूंनी पूर्ण बाहेर ओढलेली असावी, बिजागरी जास्तीत जास्त तार मागते त्या स्थितीत असावी, आणि तरीही प्रत्येक कपात तीनचार सेंटिमीटर तार मोकळी राहावी. कारखान्यात सरकपट्टीच्या पोकळीत तारेला वेटोळे दिलेले असते ते याचसाठी. नव्या तारेलाही तितकीच सैल जागा द्यावी. वीसएक वेळा पट्टा उघडून, मिटून, ओढून पाहावा आणि तार कुठे चिमटली जाते का हे कान लावून ऐकावे. टोके सोल्डर करण्याआधीची ही तपासणी टाळू नये.

सोल्डरिंग

स्लीव्ह लागणार असेल तर ती तारेवर आधीच ओवावी आणि सांध्यापासून दूर सरकवावी, नाहीतर उष्णतेने ती वेळेआधी आक्रसते. तारेचे टोक दोन मिलिमीटर सोलावे, पीळ द्यावा, सोल्डरने माखावे. बोर्डाच्या पॅडवरचे जुने सोल्डर थोड्या फ्लक्सने ताजे करावे, तार त्यावर टेकवावी आणि बिट दोन सेकंद लावून उचलावी. सोल्डर पॅडवर पसरून चकचकीत दिसले पाहिजे. गोळ्यासारखे उभे राहिले तर ते ड्राय सोल्डर आहे. स्पीकरच्या टोकांवर विशेष जपावे, कारण केसाएवढ्या गुंडाळीचे टोक त्याच पत्रीला जोडलेले असते आणि जास्त उष्णतेने ते सुटते. सांधे थंड झाल्यावर अल्कोहोलने फ्लक्स पुसावा.

जोडणीच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. तार असलेल्या जुन्या पद्धतीच्या इअरफोनमध्ये दोन्ही स्पीकरची ऋण टोके एकत्र जोडून तीन तारांत काम भागते, म्हणून पट्ट्यातील एक तार वाचवण्याचा मोह होतो. पण ब्लूटूथच्या अनेक चिपमध्ये स्पीकरची दोन्ही टोके स्वतंत्रपणे चालवलेली असतात. त्यातले कोणतेही टोक जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, जोडलेले नसते. अशा स्पीकरचे एक टोक बॅटरीच्या ऋण तारेला जोडले, तर चिपमधील ॲम्प्लिफायर जळू शकतो. जितक्या तारा होत्या तितक्याच ठेवाव्यात.

स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या तर काही जळत नाही, पण आवाज बिघडतो. दोन्ही पडदे विरुद्ध दिशांनी हलतात, बास पातळ होतो आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायकाचा आवाज डोक्याभोवती विखुरल्यासारखा वाटतो. नॉइज कॅन्सलिंग असेल तर उलट जोडणीमुळे गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो किंवा जोराची शिट्टी सुरू होते.

सगळे सांधे झाले की कप जोडण्याआधी प्रत्येक कपात, तार पट्ट्यातून आत येते त्या जागी, बी-७००० चा एक थेंब देऊन तार कपाच्या भिंतीला बांधून टाकावी. यापुढे कुणी पट्टा ओढला तरी ताण या थेंबावर येतो, सांध्यावर येत नाही. गोंद सुकायला रात्रभर द्यावा.

चाचणी आणि बंद करणे

बॅटरी सर्वांत शेवटी जोडावी. तिच्या दोन टोकांमध्ये मीटरने व्होल्टेज पाहावे, ३.५ ते ४ व्होल्टच्या दरम्यान असेल तर ठीक. बोर्डापाशी, नव्या तारेच्या टोकालाही तोच आकडा आणि तेच धन-ऋण येते का हे पाहूनच जोडणी पूर्ण करावी, कारण बॅटरी उलटी जोडली तर बोर्ड वाचत नाही. सर्व काही बरोबर असूनही हेडफोन सुरू झाला नाही तर घाबरू नये. बॅटरीला जोडलेले संरक्षक सर्किट एकदा तुटल्यावर पुष्कळदा बंद अवस्थेत राहते आणि चार्जर लावल्यावरच जागे होते. काही हेडफोन चार्जिंग चालू असताना वाजत नाहीत, म्हणून चार्जर काढून मगच सुरू करून पाहावे.

कप उघडेच ठेवून भाषणाचा ऑडिओ पुन्हा लावावा आणि सुरुवातीला लिहून ठेवलेल्या त्याच क्रमाने चारही जागा हलवाव्यात. खरखर नसेल तर झाकणे बसवावीत. बसवताना स्पीकरच्या मागच्या जाळ्यांवरचे कापडी किंवा कागदी तुकडे झाकले किंवा फाडले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण आवाजाचा बास त्यांच्यातून जाणाऱ्या हवेवर ठरवलेला असतो. तार स्पीकरच्या झाकणातून ज्या भोकातून जाते, ते भोक कारखान्यात गोंदाने बुजवलेले असते आणि आपण नवी तार ओढताना ते मोकळे होते. ते पुन्हा गोंदाने हवाबंद करावे.

पहिले चार्जिंग जमिनीवर किंवा फरशीवर, कापडापासून दूर आणि आपल्या नजरेसमोर करावे. बॅटरीच्या कपाला हात लावून पाहावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे, पण हात ठेववत नाही इतका तापला तर चार्जर लगेच काढावा आणि सांधे पुन्हा तपासावेत. चार्जिंग पूर्ण झाल्यावर नॉइज कॅन्सलिंग चालू करून दोन्ही कान ऐकावेत. दुरुस्त केलेल्या बाजूचा बास दुसऱ्या बाजूपेक्षा पोकळ वाटला किंवा गोंगाट तिथे कमी कापला जात असेल, तर स्पीकरच्या तारा उलट तर झाल्या नाहीत ना हे आधी पाहावे. त्या बरोबर असतील तर तारेचे ते भोक नीट बुजलेले नाही किंवा कानाची गादी एका कडेने उचललेली आहे, आणि दोन्ही गोष्टी गादी काढून सुधारता येतात.